वल्ह्यावरच्या माणसाचं वाक्य

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं, तर आई-बाबांची आणि निलंग्याच्या शाळेतल्या गुरुजींची मनातल्या मनात माफी मागून मी बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या आमच्या घरमालकांचं, म्हणजे अण्णांचं नाव घेतो. आणि लगेच पुढचंही सांगून टाकतो की, अण्णांसारखा सिनेमा बघणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नाही. त्यांनी आयुष्यभर एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघितला आणि त्यातल्या नायकाकडे एकदाही धड बघितलं नाही.

सिनेमा जुना, परदेशी, काळा-पांढरा, तलवारबाजीचा. गादी हिरावली गेलेला एक देखणा सरदार समुद्रावर लुटारू होतो, दोरावरून झोके घेतो, झुंबरावरून उडी मारतो, जिन्यावर उलटं चढत चढत सहा जणांशी लढतो आणि शेवटी गादी व राजकन्या दोन्ही परत मिळवतो. कुणीही शहाणा माणूस हे सगळं डोळे विस्फारून बघेल. अण्णा मात्र नायकानं उडी मारली रे मारली की, रिमोट दाबून चित्र थांबवायचे आणि काठीच्या टोकानं पडद्याचा डावा कोपरा दाखवायचे. तिथं एक माणूस घोडा धरून उभा असायचा. "हिरो कोठं जात नाही, तो येतो परत. हे बघ. मघापासून घोडा धरूनशान उभा आहे. जेवला असेल का रे हा?" मग राजकन्येमागून पेटी उचलून चाललेली दासी, मग मशालवाला, मग लढाईत सर्वांत आधी मरणारा जाडा शिपाई. दोन तासांचा सिनेमा अण्णांबरोबर बघायला साडेचार तास लागायचे, आणि शेवटी राजकन्येचं लग्न कुणाशी झालं, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

सिनेमात नाव नसलेल्या प्रत्येकाला अण्णांनी स्वतः नाव दिलं होतं. ते एका सरकारी कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासायच्या खात्यात चौतीस वर्षं होते. तिथल्या सोबत्यांची नावं त्यांनी जहाजावर नेऊन बसवली. उजवीकडून तिसरा वल्हेकरी मुनियप्पा, त्याच्यामागचा बशीर, टक्कल पडलेला डिसोझा, आणि ज्याचं फक्त कोपर दिसतं तो शिंदे. "शिंदे फोटोत कधी पूर्ण आलाच नाही, कारखान्यात पण असंच," असं ते गंभीरपणे सांगायचे. ही सवय सिनेमापुरती राहिली असती, तर अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, ती सहन केली असती. पण अण्णा लग्नाला गेले, तरी वधूवरांना अक्षता टाकायच्या आधी भटारखान्यात जाऊन कोशिंबीर कालवणाऱ्याचं नाव विचारून यायचे. स्वतःच्या लेकीच्या लग्नात कॅमेरा त्यांच्या हाती दिला गेला, ही त्या घराण्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक. अक्का मला अल्बम दाखवताना म्हणाल्या होत्या, "बघ. जावयाचे फोटो चार. आचाऱ्याचे अकरा. त्यातल्या एकात आचारी डोळे मिटून हसतोय. जावई एकाही फोटोत हसत नाही." अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "जावयाला काय, त्याचे फोटो आणखी चौघं काढत होते की."

अण्णांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून या बाजूला आलं आणि इथंच राहिलं. घोडे गेले, मराठी राहिली. पण एवढ्या वर्षांत कन्नडच्या शेजारी बसून बसून तिला कन्नडचा वास लागला होता. 'जरा'ला ते 'स्वल्प' म्हणायचे, 'बरं'ला 'सरी', आणि वाक्याच्या शेवटी एक प्रेमळ 'प्पा' लावायचे. पुण्या-मुंबईकडून नव्यानं आलेले लोक त्यांच्या तोंडावर हसायचे नाहीत, पण मराठी मंडळाच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये शिरल्यावर हसायचे. मीही त्यांच्याबरोबर हसलो आहे. ही गोष्ट मी आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मी लातूरच्या पुढं निलंग्याकडचा. घरात कॉलेजचं तोंड बघणारा पहिला. बाबा बाजार समितीत मापाडी होते. काट्यावर पोतं चढलं की, त्याचा आकडा अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडायचा, हेच त्यांचं काम. इंजिनिअरिंगला मी पुण्याला गेलो. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या दारात उभा राहून म्हणालो, "सर, मी आत्ताच आलाव. येऊ का?" साठ पोरं हसली. आमच्याकडं 'मी आलो'ला 'मी आलाव' म्हणतात, 'जेवलो'ला 'जेवलाव', आणि हे चूक आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पुढं वर्षभर मला हॉस्टेलवर 'आलाव' हेच नाव पडलं. त्या वर्षात मी दुसरा काही अभ्यास केला असेल-नसेल, पण तोंड मात्र घासूनपुसून लख्ख केलं. बंगळूरला होसकोट्याच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी विचारलं, "कुठले तुम्ही?" मी म्हणालो, "पुण्याचा." एवढ्या सहज म्हणालो की, पुढची सात वर्षं ते परत घेताच आलं नाही.

अण्णांनी मला आठ दिवसांत पकडलं. मी गच्चीवर आईशी फोनवर बोलत होतो आणि अण्णा पाण्याच्या टाकीमागं झाकण बसवत होते. फोन ठेवला, तसे ते टाकीमागून एखाद्या भुतासारखे उठले. चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. "अय्यो! हे कसलं मराठी? 'आत्ताच जेवलाव आई'! इतके दिवस हे कोठं लपवून ठेवला होतास प्पा? खाली आमच्याबरोबर तू रेडिओसारखा बोलतोस!"

"अण्णा, कुणाला सांगू नका."

"का? चोरीचं आहे काय?"

मी हॉस्टेलची हकिगत सांगितली. अण्णांनी ऐकून घेतली, टाकीच्या झाकणावर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "सरी. मी सांगत नाही. पण माझ्याबरोबर तू तसंच बोलायचं. नाहीतर भाडं वाढवतो." मी काही ते ऐकलं नाही. अण्णांनीही भाडं काही वाढवलं नाही. फक्त त्या दिवसापासून ते मला 'वरचे साहेब'ऐवजी 'मरी' म्हणू लागले. कन्नडमध्ये लेकराला लाडानं तसं म्हणतात.

आता त्या सिनेमातल्या खऱ्या दुखण्याकडं येतो. वल्हेकऱ्यांमध्ये एक होता डोक्याला मुंडासं बांधलेला. सिनेमाच्या शेवटच्या नामावळीत त्याला नाव नाही, नुसतं 'हिंदुस्थानी' म्हटलंय. नट अर्थातच गोरा होता आणि त्याला रंग फासलेला होता. लाटेचं पाणी अंगावर आलं की, त्याच्या कानामागची गोरी पट्टी दिसायची आणि अण्णा ती काठीनं दाखवायचे. जहाज वादळात सापडतं, नायक ओरडतो, हा हिंदुस्थानी धडपडत येऊन वल्ह्याला हात घालतो आणि नायकाकडं बघून एक वाक्य बोलतो. आमच्या देशाच्या वाट्याला त्या अख्ख्या सिनेमात आलेलं एकुलतं एक वाक्य. दहा अक्षरांचं. अण्णांनी ते कागदावर उतरवून टेबलावरच्या काचेखाली ठेवलं होतं : 'आ लो वा गा मा गो रा ए ला बू'. त्यावर नायक त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणतो, "खरं बोललास, मित्रा!"

"काय खरं बोलला?" अण्णा दरवेळी तळमळून विचारायचे. "त्या गोऱ्याला कळलं आणि मला कळलं नाही!"

नऊ वर्षांचे असताना अण्णांनी हा सिनेमा छावणी भागातल्या एका थिएटरात मामांबरोबर बघितला होता. मुंडासंवाला दिसला, तसे ते खुर्चीवर उभे राहून "आपला माणूस! आपला माणूस!" म्हणून टाळ्या पिटू लागले. पुढच्या रांगेतले एक सुटाबुटातले गृहस्थ वळून म्हणाले, "तुझा माणूस काय बोलला, ते सांग. मग वाजव टाळ्या." अण्णा खाली बसले ते बसलेच. त्यानंतर साठएक वर्षं त्यांनी त्या दहा अक्षरांचा मालक शोधण्यात घालवली. तमिळ इस्त्रीवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, "आमचं नाही, तेलुगू असेल." तेलुगू डॉक्टर म्हणाले, "छे, हे उत्तरेकडचं." उत्तरेकडच्या पाणीपुरीवाल्यानं दोनदा ऐकलं आणि 'मद्रासी' म्हणून निकाल दिला. मल्याळी नर्सनं कोकणी सांगितलं, उडुपी हॉटेलातल्या कोकणी मॅनेजरनं तुळू सांगितलं, आणि तुळू बोलणाऱ्या वाढप्यानं अण्णांकडं संशयानं बघत विचारलं, "हे तुमच्याच घरचं मराठी तर नाही ना?" भाषांचा अभ्यास केलेले एक प्राध्यापक म्हणाले, "ही भाषाच नाही. नटानं तोंडाला येईल ते बडबडलंय." अण्णांनी त्यांना कॉफी दिली, पण दुसऱ्यांदा विचारली नाही. "भाषा नाही म्हणजे काय?" ते गेल्यावर अण्णा धुमसले. "माणूस तोंड उघडूनशान बोलतो. रंग चेहऱ्याला लावला, जिभेला कोण लावतो?"

आमच्या भागातल्या मराठी मंडळात अण्णा वर्षातून एकदा हा सिनेमा दाखवत. इंग्रजी न कळणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी सिनेमाचा आवाज बारीक करून पडद्याशेजारी माइक घेऊन बसत आणि सगळ्या पात्रांचं मराठी एकटे बोलत. नायकाचं काम ते उरकून टाकायचे. प्रेमाचा लांबलचक प्रसंग चालू असताना "हो हो, तुझ्यावाचून करमत नाही, सरी, पुढं चल" एवढ्यावर भागवायचे. पण दासी पडद्यावर आली की, खुर्चीत सावरून बसायचे. तोंडातून चकार शब्द न काढता चाललेली ती बाई अण्णांच्या आवाजात फणकारायची, "बाईसाहेब पळून जाणार घोड्यावर, आणि पेटी कुणी उचलायची? मी! आत काय भरलंय? चपला!" म्हाताऱ्या बायका खुर्च्या धरून हसायच्या. घोडा धरणारा घोड्याशी घरच्या कटकटी बोलायचा. जाडा शिपाई मरता मरता मुकादमाला सुट्टीचा अर्ज मंजूर झाला का, ते विचारायचा. मात्र हिंदुस्थानी बोलायला लागला की, अण्णा गप्प बसायचे आणि सिनेमाचा मूळ आवाज मोठा करायचे. एकदा मी विचारलं, "त्यालाही द्या की एक फर्मास वाक्य. तुम्हाला काय कठीण?" अण्णा म्हणाले, "बाकीचे गप्प होते म्हणूनशान मी त्यांचं बोललो. हा बोललाय. त्याचं पुसून माझं कसं घालू?" म्हणून दहा अक्षरं संपली की, ते चित्र थांबवायचे आणि सभागृहाला विचारायचे, "कुणाला कळलं?" आणि वर्षानुवर्षांच्या प्रथेप्रमाणे सगळं सभागृह एका सुरात ओरडायचं, "गोत्तिल्ला!" म्हणजे, माहीत नाही. लहान मुलं तर त्या एका आरोळीसाठी यायची.

माझ्या बंगळूरमधल्या सातव्या वर्षी मंडळाच्या बैठकीत हा खेळ बंद करायचं ठरत आलं होतं. पुण्याहून आलेल्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एक बाई तेव्हा सचिव होत्या. बाई मनानं सरळ, बोलायला थेट. "अण्णा, रागावू नका. पण गोऱ्या माणसाला काळं फासून आपली टिंगल केलेला सिनेमा आपणच का दाखवायचा? मुलांनी काय शिकायचं त्यातून?"

"टिंगल आहे की. मी कोठं नाही म्हणतो?" अण्णा शांतपणे म्हणाले. "पण पिक्चर बंद केलं तर तो हिरो दुसऱ्या पिक्चरात जाईल. त्याला काय, शंभर आहेत. ह्यानं कोठं जायचं?"

 एवढं एक वर्ष, शेवटचं, असं ठरलं. आणि कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडं आलं. बाई म्हणाल्या, "तुम्हीच करा. पुण्याचं स्वच्छ मराठी आहे तुमचं. बाकी इथं काय, तुम्हाला ठाऊकच आहे." अण्णा समोरच बसले होते. माझ्याकडं बघून ते एवढंच म्हणाले, "बरोबर. स्वच्छ आहे."

नेमके त्याच आठवड्यात बाबा आले. पहिल्यांदाच बंगळूरला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण निम्माच. माझ्या कारखान्यातले लोक कार्यक्रमाला येणार होते, पुण्याची सगळी मंडळी येणार होती, आणि बाजार समितीत तीस वर्षं आकडे ओरडलेला माणूस सभागृहात काही कुजबुजणार नव्हता. निघताना मी बाबांना म्हणालो, "तिथं मोठे लोक असतात. तुम्ही काही बोलू नका. कुणी विचारलं तर नुसतं हसा." बाबांनी माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाले. धोतराचा सोगा नीट केला आणि आणखी एकदा म्हणाले, "बरं." आजही त्या दुसऱ्या 'बरं'ची मला आठवण झाली की, मी हातातलं काम थांबवतो.

बाबांना मी शेवटच्या रांगेत अक्कांशेजारी बसवलं आणि माइकवर गेलो. खेळ रंगला. शेवटचा म्हणून अण्णांनी त्या दिवशी मुनियप्पापासून शिंदेच्या कोपरापर्यंत प्रत्येकाला मन लावून बोलतं केलं. वादळ आलं. मुंडासंवाला धडपडत आला, वल्ह्याला हात घातला, दहा अक्षरं बोलला. अण्णांनी चित्र थांबवलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कुणाला कळलं?"

"गोत्तिल्ला!" सभागृह गरजलं.

आणि ती आरोळी विरते न विरते, तोच मागून काट्यावर पोतं चढल्यासारखा आवाज आला, "मला कळलं की!"

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. बाबा उभे होते. 

"कोण ते?" अण्णांनी विचारलं.

"मी. पोराचा बाप. आवं, परत लावा एकदा. मधी लोकं वरडले."

अण्णांनी परत लावलं. मग आणखी एकदा. बाबा मान वाकडी करून ऐकत होते, अगदी काट्यावरचा आकडा बघावा तसे. "साधं हाय वो," ते म्हणाले. "'आलाव गा, मागं राह्यलाव.' आमच्याकडचाच गडी हाय ह्यो! उशीर झाला आसंल, मुकादम वरडला आसंल, तर सांगायलाय बिचारा."

 अण्णांनी काचेखालून काढून आणलेला कागद डोळ्यांशी धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून ते ओठ हलवू लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सचिव बाईंनी माझ्याकडं वळून, अगदी साध्या कुतूहलानं, विचारलं, "हे तुमचे वडील? म्हणजे तुम्ही पुण्याचे नव्हे?"

माझ्या हातात माइक होता आणि तो चालू होता. मी काही बोलायच्या आत अण्णांनी हाक मारली, "सूत्रसंचालक! आम्हाला कळलं नाही. नीट सांगा."

"तो म्हणतो," मी घसा खाकरून म्हणालो, "आलो रे बाबा, मी मागे राहिलो होतो."

"तसं नको प्पा. तो म्हणाला तसं सांग."

मी बाबांकडं बघितलं. ते अजून उभेच होते. आपण बोलायचं नव्हतं, हे त्यांना तेव्हाच आठवलं असावं, कारण त्यांचा हात तोंडावर गेला होता. तो हात मला बघवेना. मी माइक तोंडाशी धरून म्हणालो, "आलाव गा, मागं राह्यलाव." आणि मग बाईंना म्हणालो, "नाही, मी पुण्याचा नव्हे. निलंग्याकडचा. पुण्यात चार वर्षं होतो, तेवढंच."

हसले. तीन-चार जण हसलेच, त्यात कारखान्यातले दोघं होते. पण ते हसणं एका शिंकेएवढं होतं. येऊन गेलं. ज्या शिंकेला मी सात वर्षं भीत होतो, ती आली आणि गेली, आणि छत जागच्या जागी होतं. बाईच पुढं होऊन बाबांना म्हणाल्या, "काका, अजून एकदा सांगा ना, 'राह्यलाव' कसं म्हणायचं?" मग पुढची दहा मिनिटं नायक थाप मारायला हात उगारून तिष्ठत राहिला आणि अख्ख्या सभागृहाची शिकवणी चालली. अण्णांना 'राह्यलाव' काही केल्या जमेना, ते 'रायलावू' म्हणत. बाबा म्हणाले, "तुमच्या जिभंला हाड हाय का काय?" अक्का मागून म्हणाल्या, "हाड असतं तर कधीतरी दमली असती." शेवटी सिनेमा पुढं सरकला आणि अण्णांनी पहिल्यांदाच त्या माणसाचं वाक्य स्वतःच्या तोंडानं म्हटलं. जरा चुकलंच. नायकानं खांद्यावर थाप मारली. "खरं बोललास, मित्रा!" आणि पडद्याशेजारी बसलेले अण्णा चष्मा पुसत राहिले. पुढच्या प्रसंगात राजकन्या बराच वेळ मुकीच रडली.

तो खेळ शेवटचा ठरला नाही हे सांगायला नकोच. पण दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी अण्णांना गाठलं. मी इंजिनिअर माणूस, मला राहवेना. "अण्णा, बाबांचं सोडा. परदेशी नट, परदेशी स्टुडिओ. तो निलंग्याचं मराठी कुठून बोलेल?"

"मला काय वेड लागलंय?" अण्णा म्हणाले. "नसेल बोलला. चौतीस वर्षं मापं तपासली मी. दहातली चार अक्षरं जुळत नाहीत, मला दिसत नाही होय? पण स्वल्प विचार कर, मरी. एवढ्या लोकांना विचारलं. जो तो म्हणाला, आमचं नव्हे, पलीकडच्यांचं असेल. तुझे बाबा एकटेच म्हणाले, आमचं आहे." आणि टाकीत पाणी किती आहे, ते बघायला निघून गेले.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. अक्कांचे गुडघे गेले, घरातलं काम होईना, म्हणून दोघं म्हैसूरला लेकीकडं राहायला गेले. खालच्या मजल्यावर आता मी राहतो. अण्णांचे कान पुरते गेले आहेत. यंत्र आहे, पण ते देवघरात असतं. फोन केला, तर अण्णा माझं ऐकायची वाटच बघत नाहीत. "मी बरा आहे, तू कसा आहेस, मीही बरा आहे अण्णा, जेवलास का, हो जेवलाव" असं माझंही तेच बोलून घेतात आणि ठेवून देतात. माझा आवाज ते बराच चांगला काढतात, असं अक्कांचं म्हणणं. पण सिनेमाचं तसं नाही. सिनेमाचा बारीक आवाज त्यांना ऐकू येईना, आणि कोण कधी तोंड उघडतं, ते नुसतं बघून साधेना. म्हैसूरला जायच्या आधीच्या खेळाला दासीचं बोलणं घोड्यावर गेलं, लोक हसले, आणि ते नेहमीचं हसणं नाही, हे अण्णांना बहिऱ्या कानांनीही कळलं. त्यांनी माइक खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. तेव्हा फोनचा उपयोग नव्हता. मी हे पत्र लिहिलं. गेल्या सोमवारी ते टपालात टाकलं.

ती. अण्णांना निलंग्याकडच्या मरीचा साष्टांग नमस्कार.

तुमाला पत्र लिव्हायला बसलाव आन् पहिलंच वाक्य चार बार खोडलं. आमच्याकडचं बोलणं कागदावर कसं लिव्हायचं, हे शाळंत कुणी शिकवलंच न्हाई, तवा चुकलंमाकलं समजून घ्या.

बाबा आता रिटायर झाले. पर रोज बाजारात जायलेत आन् हमालांना, अडत्यांना, मापाड्यांना तुमच्या शिनेमातल्या आपल्या गड्याची गोष्ट सांगायलेत. आता समदे म्हणायलेत, एकदा दाखवा तरी. तर ठरलंय आसं की, दिवाळीनंतर समितीच्या गोडाऊनच्या पांढऱ्या भिताडावर शिनेमा लावायचा. सभापतीनं हो म्हणलंय. पोती बसायला देणार हायत. इंग्रजी कुणालाच येत न्हाई, तवा बोलायला माणूस पायजे. आमी दुसऱ्या कुणाला इचारलं न्हाई आन् इचारणार न्हाई.

तुमी म्हणणार, मला ऐकू येत न्हाई, माझं चुकतंय, लोक हसतेत. अण्णा, ऐकायचं काम माझं. तुमचं काम बोलायचं. मी समदा शिनेमा परत बगून कोण कवा बोलतंय, ते पाठ करायलाव. भिताडाच्या बाजूला दोन खुर्च्या टाकू. मी तुमच्या गुडघ्यावर हात ठिवून बसंन. दासीला एक बोट, घोडेवाल्याला दोन, शिपायाला तीन, वल्हेवाल्यांना आख्खा पंजा. हिरोला काय ठिवलं न्हाई, त्याचं तुमी कवाबी बोला, चालतंय. बाबांची एकच अट हाय, मुंडासंवाल्याचं ते सोता बोलणार. तेवढं त्यांना द्या.

दोन आयतवार म्हैसूरला येऊन आपण सराव करू. अक्कांना सांगा, जेवाय काय मोठं करू नका. गाडीत तुमच्या पायाला त्रास हुईल म्हणून फुडची शीट सांगितलीय.

पयल्यांदी चुकंल. चुकू द्या. लोकं हसले तर मी तुमच्या कानात सांगंन, कसलं हसणं हाय ते. आन् बोट लागलं की, अण्णा, भ्यायचं न्हाई. बोलायचं.

तुमचा,
मरी